जीपची चावी हरवली तर

जुन्या जीपची चावी हरवली की मालकाच्या मनात पहिल्यांदा लॉक फोडायचा विचार येतो. तेवढी घाई करायचं कारण नाही. आजच्या मोटारींत चावीतली चिप आणि गाडीतला संगणक यांचं जुळल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. सीजे-३बी किंवा एमएम-५४० सारख्या जीपमध्ये ही भानगड नाही, आणि यांतल्या बहुतेक गाड्यांना स्टिअरिंग लॉकही नसतो. डॅशबोर्डवर कुलूप लावलेला एक साधा बिजलीचा स्विच असतो, एवढंच. त्याच्या मागच्या वायरी ओळखता आल्या की निम्मं काम झालं.

मुंबईतल्या वरळीला जीप परकी नाही. १९४७ मध्ये महिंद्र कंपनीनं अमेरिकन विलीज जीप भारतात जोडायला घेतली, आणि त्या समूहाचं कॉर्पोरेट कार्यालय आज वरळीतच आहे. वरळीच्या कोळीवाड्याच्या अरुंद गल्ल्यांत मात्र जीप शिरत नाही. ती बाहेर रस्त्याच्या कडेला, खाऱ्या वाऱ्यात उभी राहते. उघड्या टपाच्या गाडीत हा वारा थेट डॅशबोर्डच्या मागे पोचतो. पितळेच्या टोकांवर हिरवट थर चढतो, स्प्रिंग गंजते, कुलपातल्या पत्र्या अडकतात.

म्हणून आधी ठरवायचं ते हे: नवी चावी बनवायची की स्विचच बदलायचा? कुलूप धड असेल तर चावीवाला कोरी चावी आत घालून हलक्या हातानं फिरवतो, तिच्यावर पत्र्यांचे वळ उमटतात, आणि तिथे तिथे कानस मारत तो खाचा पाडतो. स्विच आधीपासूनच अडखळत असेल, चावी हलवली की दिवे लुकलुकत असतील, तर बदललेलाच बरा. दोन्ही वेळा आरसी जवळ ठेवा. चावी हरवल्याची नोंद मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर करता येते, तीही करून टाका.

नवा स्विच घेताना जुन्याचा फोटो जवळ हवा. जुन्या जीपचे सुटे भाग चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात. मागची टोकं किती, डॅशबोर्डचं भोक केवढं आणि चावी किती ठिकाणी थांबते, या तीन गोष्टी जुळवून पाहा.

आता काम. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. स्विचला येणारी मुख्य वायर चावी बंद असतानाही जिवंत असते; पाना चुकून पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते आणि वायरिंग जळू शकतं.

डॅशबोर्डच्या बाहेरून एक गोल नट स्विचला धरून ठेवतो. मागून स्विच पकडून तो नट सोडवला की आख्खा स्विच आतल्या बाजूनं खाली उतरतो. फोडायची गरज पडत नाही. नट गंजला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा. वायरी काढण्याआधी प्रत्येकीला चिकटपट्टीची खूण करा. जुन्या गाडीत वायरिंग अनेक हातांतून गेलेलं असतं, रंगावर भरवसा ठेवू नका.

टोकांवर साधारण अशी अक्षरं असतात. ‘बॅट’ किंवा ‘बी’ म्हणजे बॅटरीकडून येणारी वायर. ‘आयजीएन’ पेट्रोल गाडीत कॉइलला वीज देतं. ‘एसीसी’वर हॉर्न, वायपर अशी जोडकामं. ‘एसटी’ स्टार्टरच्या सोलेनॉइडला फक्त चावी दाबून फिरवलेली असेपर्यंत वीज देतं. जर्मन पद्धतीच्या स्विचवर अक्षरांऐवजी आकडे असतात: ३० बॅटरी, १५ इग्निशन, ५० स्टार्टर. स्टार्टर शेकडो अँपिअर खेचतो, तो भार या स्विचमधून जात नाही. स्विच फक्त सोलेनॉइडला हुकूम देतो. खूप जुन्या जीपमध्ये स्टार्टर पायानं दाबायचा असतो, तिथे ‘एसटी’ रिकामंच राहतं.

अक्षरं पुसली असतील तर नवा स्विच हातात धरूनच मल्टिमीटरनं तपासा: चावीच्या कुठल्या जागी ‘बी’ कुठल्या टोकाशी जुळतं ते कागदावर लिहा. इथे एक फसवी चूक होते. ‘आयजीएन’ची वायर ‘एसीसी’वर लागली तर चावी पहिल्या टप्प्यावर असताना सगळं नीट दिसतं, पण बहुतेक स्विचमध्ये स्टार्ट करताना ‘एसीसी’ बंद पडतं. स्टार्टर गरगरतो, इंजिन मात्र पेटत नाही, आणि माणूस कार्ब्युरेटर उघडून बसतो.

जोडण्याआधी वायरींची टोकं पॉलिशपेपरनं लख्ख करा, गंजलेली थिंबलं कापून नवी दाबा, वरून पेट्रोलियम जेली लावा. मग बॅटरी जोडून एकेक टप्पा पाहा. इंजिन सुरू होण्याआधी चार्जिंगचा दिवा लागला पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. अल्टरनेटर बसवलेल्या गाडीत तो लागलाच नाही तर चार्जिंगही होत नसण्याची शक्यता असते.

डिझेल जीपची गोष्ट जरा वेगळी. एमएम-५४० मधलं प्यूजो बनावटीचं इंजिन ठिणगीवर चालत नाही, त्यामुळे चावी बंद केली तरी ते चालूच राहतं. थांबवायला स्टॉपची दोरी ओढावी लागते. स्विच चुकीचा जोडला, असं समजून घाबरू नका. पण त्या दोरीची केबल गंजली नाही ना, हे इंजिन चालू करण्याआधी बघा. थंड इंजिनाला हीटर प्लग लागतात. त्यांची वायर जुन्या स्विचवरून गेली होती की वेगळ्या बटणावरून, हेही खुणेच्या वेळीच टिपून ठेवा.

शेवटी कुलपाचं खरं मोल ओळखा. बाजारातल्या स्वस्त स्विचच्या चाव्यांचे नमुने मोजकेच असतात. एकाची चावी दुसऱ्याला लागणं अशक्य नाही. नव्या स्विचसोबत बॅटरीच्या वायरवर लपवलेला एक कट-ऑफ स्विच बसवला, तर रात्री रस्त्यावर उभ्या जीपची राखण चावीपेक्षा तोच अधिक चांगली करेल.