लोहा-अहमदपूर मार्गे वाजलेली गाणी

नव्वदच्या दशकात नांदेडहून लातूरला जायचं म्हणजे लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं, नाहीतर जीपनं. १९९४ला टाटा सुमो आली आणि भाड्याच्या गाड्यांचा रुबाब वाढला. गाडीत एसी असो-नसो, टेप हवाच. सकाळी प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची गाणी, दुपारी कुमार सानू, एप्रिल लागला की भीमगीतं. देगलूर-बिलोलीकडच्या गाडीत एखादी तेलुगू कॅसेटही निघायची. कॅसेटचा कंटाळा आला की परभणी आकाशवाणी. पण पेट्रोलच्या गाडीत मीडियम वेव्ह लावलं की गाण्याआधी प्लगची करकर ऐकू यायची.

टेपची निगा ड्रायव्हरच्याच हातात असे. काचा उघड्या, त्यात काळ्या रानातली धूळ. हेडवर तपकिरी थर बसला की आवाज आधी घोगरा व्हायचा, मग बसायचा. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये भिजवून, फीत जाते त्याच दिशेनं हेडवरून फिरवायचा. नंतर रबरी रोलर पुसायचा. स्पिरिट नसलं की काहीजण पेट्रोलवर भागवायचे. त्यानं रोलरचं रबर फुगायचं आणि पुढची कॅसेट हमखास गुंतायची. मे महिन्यात डॅशबोर्डवर विसरलेली कॅसेट तर वाकडी होऊन पुन्हा आतच जायची नाही.

एमपीथ्री सीडी आली तेव्हा एका चकतीत शे-दीडशे गाणी मावू लागली. मागच्या पार्सल ट्रेवर सहा बाय नऊचे लंबगोल स्पीकर, पुढं साधा डेक, बस्स. माझ्या कानाला विचाराल तर या रस्त्यावर गाडीत गाणं सगळ्यांत चांगलं वाजलं ते याच काळात. शब्द कळायचे.

मग बेसचं वेड आलं. डिकीत बारा इंची वूफर, सीटखाली अॅम्प्लिफायर, आणि त्याला करंट कुठून? तर डेकच्याच बारीक वायरीतून! ती तापायची, फ्यूज उडायचा. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभागही होते. गाडीला आग लागायला एवढं पुरतं. जाणता वायरमन अॅम्प्लिफायरसाठी थेट बॅटरीपासून जाड वायर ओढायचा, फ्यूज बॅटरीच्या जवळच ठेवायचा आणि अर्थिंगच्या जागी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर नट आवळायचा. अॅक्सिलरेटर दाबला की गाण्यात शिट्टी वाढते, ही तक्रार निम्म्या वेळा त्या एका नटापाशीच मिटायची. गाण्याची वायर करंटच्या वायरीबरोबर एकाच बाजूनं नेलेली असली तरी हीच शिट्टी येते. आणि वूफर जळतो तो बहुतेकदा फाटका आवाज तासन्‌तास पूर्ण व्हॉल्यूमवर ठेवल्यानं. दोष मात्र माल डुप्लिकेट असल्याचा निघायचा.

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येऊ लागली. माणसांना पाणी नाही, तिथं गाडी कोण धुणार? कोरडं फडकं फिरवलं की धूळ दाराच्या जाळीतून थेट स्पीकरच्या कोनावर. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ‘सैराट’ आला आणि आधीच खरखरणाऱ्या त्या स्पीकरांकडून गावोगाव एकच काम करून घेतलं गेलं. ते कितपत टिकले असतील, हे सांगायला नको.

पुढं पेनड्राईव्हमध्ये गाणी मारून देणारी दुकानं आली. चौसष्ट जीबीचा पेनड्राईव्ह जुना डेक वाचत नाही, हे कळेपर्यंत गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडून मोकळं व्हायचं. आता गाडीतच कंपनीची स्क्रीन येते. बाहेरून काही बसवायचं तर ‘वायर कापू नका, कपलरला कपलर लावा’ एवढंच मालक बजावतो, कारण वॉरंटी. स्क्रीनची निगा म्हणजे उन्हात तापलेली गाडी आधी काचा उघडून निववायची, मग स्क्रीन चालू करायची. बिघडली तर अख्खा डबा बदलतात, दुरुस्तीच्या भानगडीत कोणी पडत नाही.

दुकानदार त्यामुळं सीटकव्हर आणि रिव्हर्स कॅमेऱ्याकडं वळले. डेक, अॅम्प्लिफायर, वूफर यांचं खरं गिऱ्हाईक आता ट्रॅक्टरवाला आहे. लातूरकडं ऊस हंगाम सुरू झाला की फडातून कारखान्याला निघालेला ट्रॅक्टर लांबूनच ऐकू येतो. वर छत, बाजू उघड्या, खाली हादरे आणि धूळ: आवाजाच्या सामानाला याहून वाईट जागा नाही. वायरमन पेटीखाली जाड रबर घालतो, कनेक्शनला सोल्डर मारतो आणि ‘इंजिन बंद करून वाजवू नका, सकाळी सेल्फ लागणार नाही’ असं बजावतो. कारखान्याच्या रांगेत नंबर लागेपर्यंत रात्रभर थांबावं लागतं, तेव्हा हे फारसं कोणी ऐकत नाही.