नस दबली, पण कुठली?

करंगळीला मुंग्या आल्या की घरातलं निदान तयार असतं: नस दबलीय, रक्त पोचत नाहीये, तेल लावून चोळ. मराठीत ‘नस’ हा फारच राबवला गेलेला शब्द आहे. रक्तवाहिनी ती नस, मज्जातंतू तोही नस, आणि पोटरीत गोळा आला तरी ‘नसेवर नस चढली’! करंगळीचं हे दुखणं बहुधा मज्जातंतूचं असतं, आणि तो दबलेला असतो कोपराशी किंवा थेट मानेत. करंगळी चोळून काय होणार?

हाताचा कारभार मानेतून चालतो. मानेत मणके 7, पण मज्जातंतूंच्या जोड्या 8. त्यांतली पाचवी ते आठवी आणि पाठीतली पहिली, अशी प्रत्येक बाजूची 5 मुळं मिळून जे जाळं विणतात तो ब्रॅकियल प्लेक्सस. 5 मुळांची 3 खोडं होतात, प्रत्येक खोडाला दोन फाटे फुटतात, ते सहा फाटे पुन्हा गुंफून काखेतल्या धमनीभोवती 3 दोर बनतात आणि त्यांतून हाताचे 5 मुख्य मज्जातंतू निघतात. या गुंफणीत एका मज्जातंतूत अनेक मुळांचे धागे येतात. म्हणून एक मूळ दुखावलं तरी अख्खा हात लुळा पडतोच असं नाही.

कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जाणारी ती झिणझिणी हाडाची नव्हेच. हाडामागच्या खोबणीतल्या अल्नर मज्जातंतूची. उलट अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत बधिरपणा आणि करंगळी शाबूत, तर संशय मनगटातल्या मीडियन मज्जातंतूवर.

बाळंतपणात हेच जाळं दुखावून बाळाचा हात लुळा पडला की ‘डॉक्टरांनी ओढलं’ हा ठपका ठरलेला. पण सिझेरियननंतरही क्वचित असं होतं. बरीच बाळं आपोआप सुधारतात. तीन महिन्यांत कोपर वाकलं नाही तर मात्र तज्ज्ञाला दाखवायलाच हवं.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज दुचाकीच्या अपघातातला. डोकं एकीकडे, खांदा दुसरीकडे ताणला जातो आणि मुळं तुटतात, कधी मज्जारज्जूतूनच उपटली जातात. एक्स-रेत हाड शाबूत दिसतं, कारण एक्स-रेत मज्जातंतू दिसतच नाहीत. पेशंट खांदा उडवून दाखवतो, नातेवाइकांना हायसं वाटतं. पण खांदा उडवणाऱ्या स्नायूची तार या जाळ्यातली नाही, ती कवटीतून उतरते.

मग ‘हळूहळू येईल’ म्हणत वर्ष जातं. तुटलेला तंतू वाढतो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, आणि मज्जातंतूविना वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेला स्नायू पुढे कामाचा उरत नाही. उपटलेलं मूळ सहसा पुन्हा जोडता येत नाही, पण शेजारचे धागे उसने घेता येतात. फ्रेंच सर्जन ओबर्लिन यांनी 1994 मध्ये अल्नरमधले काही धागे दंडाच्या स्नायूच्या मज्जातंतूला जोडून कोपर वाकवण्याची वाट दाखवली. त्यासाठी पेशंट वेळेत पोचायला हवा. अपघातानंतर हात उचलत नसेल, तर हाड जुळायची वाट न पाहता पहिल्या काही आठवड्यांतच मज्जातंतूंच्या सर्जनला गाठा.