तक्रार वयाची की गीझरची?

आमच्या नात्यातील एका काकूंना गेल्या हिवाळ्यात आंघोळीच्या वेळी नळाला हात लावला की बोटांना झिणझिण्या येऊ लागल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, मधुमेह जुना. 'आता नसांनीही साथ सोडली' अशी मनाची समजूत घालून त्यांनी आठ-दहा दिवस कोणाला काही सांगितले नाही. सुटीला आलेल्या नातवाने त्याच नळाला ओला हात लावला आणि तो दचकून मागे सरला, तेव्हा उलगडा झाला. बिघाड काकूंच्या नसांत नव्हता, गीझरमध्ये होता. कॉइलचे धातूचे आवरण गंजून त्याला छिद्र पडले होते, अर्थिंगची तार सुटलेली होती आणि वीज पाण्यात उतरत होती.

हा प्रसंग एका घराचा असला तरी त्यातील चूक घरोघरी होणारी आहे. उपकरण बिघडल्याची पहिली खूण पुष्कळदा ज्येष्ठ व्यक्तीच्या शरीरावर उमटते आणि तिचा दोष आपण वयाला देऊन मोकळे होतो.

पूर्वी पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब डोळ्यांसमोर असे. त्यातील राख रोज काढली जाई, दिवाळीपूर्वी तो चिंचेने घासून लख्ख केला जाई आणि तो ठिबकू लागला तर ते लगेच दिसे. गीझर मात्र छताजवळ, पांढऱ्या आवरणाआड टांगलेला असतो. पाणी तापते आहे तोवर त्याची आठवण कोणाला होत नाही.

टाकीच्या आत काय घडते?

कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या पाण्यात बहुधा क्षार अधिक असतात. पाणी तापले की ते कॉइलवर थर धरतात. मग पाणी तापायला वेळ लागतो, विजेचे बिल वाढते, आतून तडतड आवाज येतो आणि अति तापून कॉइल लवकर खराब होते. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी बसविलेली असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. ती संपल्यावर गंज टाकीच्या पत्र्याकडे वळतो. म्हणूनच वर्षातून एकदा गीझर उघडून क्षार काढणे आणि कांडी तपासणे आवश्यक ठरते. गरम पाण्याला तांबूस रंग आला, तर वर्षाचीही वाट पाहू नये.

टाकीतील दाब वाढला तर तो बाहेर सोडण्यासाठी एक व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून चार थेंब पडणे स्वाभाविक आहे. सतत धार लागली असेल, तर मात्र जाणकाराला बोलवावे. ठिबकणे थांबविण्यासाठी त्याचे तोंड बंद करणे हा उपाय नव्हे, तो धोका आहे.

वीज

घरगुती साठवणीचा गीझर साधारणपणे २००० वॅटचा असतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि चालू स्थितीतील अर्थिंग हवेच. प्लग गरम होणे, तो काळपट पडणे किंवा जळका वास येणे या खुणांकडे दुर्लक्ष करू नये. गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी घरात बसवून घ्यावे आणि त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. बटण दाबताच वीज गेली पाहिजे. आंघोळीला जाण्यापूर्वी गीझर बंद करण्याची सवय चांगली आहे, पण ती अर्थिंगची जागा घेऊ शकत नाही.

तापमान

६० अंश सेल्सिअसचे पाणी निरोगी प्रौढ माणसाची त्वचाही काही सेकंदांत खोलवर भाजू शकते. ज्येष्ठांची त्वचा पातळ झालेली असते आणि हात मागे घेण्याची क्रिया मंदावलेली असते. मधुमेहात पावलांची संवेदना कमी झाली असेल, तर भाजल्याचे उशिरा कळते.

मग गीझर कोमट पाण्यावरच ठेवावा काय? तेही योग्य नव्हे. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची साथ आली आणि लिजिओनेला हा जिवाणू उजेडात आला. साधारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो आणि पाण्याच्या सूक्ष्म तुषारांबरोबर फुप्फुसांत जातो. वृद्धांना आणि श्वसनविकार असलेल्यांना त्याचा धोका अधिक असतो. ६० अंशांना तो टिकत नाही.

यातून मार्ग असा: टाकीतील पाणी ६० अंशांच्या आसपास तापू द्यावे आणि अंगावर घेण्यापूर्वी त्यात थंड पाणी मिसळावे. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, हा क्रम कधीही बदलू नये. पाण्याची पारख पावलाने करू नये, कोपराने करावी. शक्य असल्यास पाणी मिसळून देणारा नियंत्रक व्हॉल्व्ह बसवावा. सोलरचे पाणी उन्हाळ्यात ६० अंशांहूनही बरेच अधिक तापू शकते, म्हणून तेथे ही काळजी दुप्पट घ्यावी. घर काही आठवडे बंद राहिले असेल, तर पाणी पूर्ण तापवून, खिडकी उघडून, नळ काही वेळ वाहू द्यावेत.

गॅस

गॅस गीझर बंद न्हाणीघरात असेल, तर तो आजच तेथून हलवावा. हवा अपुरी पडली की ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणे आपण पित्ताच्या किंवा रक्तदाबाच्या नावावर सहज खपवतो. आंघोळीनंतर वारंवार असे होत असेल, तर आधी गीझरचा संशय घ्यावा. निळी ज्योत पिवळी पडणे हीही धोक्याची खूण आहे. ज्येष्ठांच्या न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी.

वेळ आलीच तर

भाजल्यास तो भाग २० मिनिटे नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, तूप किंवा टूथपेस्ट लावू नये. विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीला स्पर्श करण्याआधी मुख्य स्विच बंद करावा. गॅसची बाधा झाल्याची शंका आल्यास गॅस बंद करून व्यक्तीला मोकळ्या हवेत न्यावे. तिन्ही प्रसंगी वैद्यकीय मदत घेण्यास विलंब करू नये.

या तपासणीसाठी दिवाळीपूर्वीचा एक दिवस ठरवून टाकावा. घराची साफसफाई त्या सुमारास होतेच आणि थंडीही तोंडावर आलेली असते. तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती गीझरवर चिकटवावी. आणि एक तपासणी मात्र वर्षभर करावी. घरातील ज्येष्ठांना अधूनमधून विचारावे, "आंघोळीच्या वेळी काही वेगळे जाणवते का?" उत्तर 'वयच झाले आता' असे आले, तर तेथेच थांबू नये. उठून आपला हात त्या नळाला लावून पाहण्याचा मोहही टाळावा. आधी गीझरचा स्विच बंद करावा आणि मग इलेक्ट्रिशियनला बोलवावे.