माशाच्या मांसातली पांढरी गाठ म्हणजे काय?

वाकटी, सुरमई कापताना मांसात कधी पांढरी गाठ सापडते ना? बऱ्याचदा ती टेपवर्मची, म्हणजे पट्टकृमीची अळी असते. मोठा कृमी राहतो मुशी-पाकटाच्या आतड्यात. त्याची अंडी पाण्यात पडतात, तिथून बारीक जीवांच्या पोटात जातात आणि मग आपल्या माशात.

मासा तिला मारत का नाही? पट्टकृमींच्या अळ्या प्रथिनं सोडून समोरच्याची प्रतिकारशक्ती थोपवतात. शास्त्रज्ञ हीच प्रथिनं तपासतात. डुकरातल्या पट्टकृमीच्या टीएसओएल-१८ या प्रथिनावरून तर डुकरांची लस निघाली, ती हैदराबादेत बनते.

मुशी-पाकटाचा हा कृमी माणसात सहसा वाढत नाही. तरी गाठी काढून टाका, मासा नीट शिजवा. गिऱ्हाईकाला घाबरवू नका, खरं ते सांगा.