आकाशातले कपडे – लेखांक १४ : जी-सूट धुवायचा का?

इर्विन जॅकेट या आठवड्यात घ्यायचं ठरलं होतं, ते पुढे ढकलतो. वैमानिक हरदितसिंग मलिकांच्या पगडीवर बसणाऱ्या हेल्मेटविषयी या सदरात वाचून धरमपेठेतल्या एका वाचकांनी पत्र पाठवलंय आणि त्याचं उत्तर लांबवण्यासारखं नाही. त्यांचे वडील हवाई दलात हंटर उडवायचे. ते गेल्यावर माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचा जी-सूट निघाला. कमरेपासून घोट्यापर्यंतचा, हिरवट नायलॉनचा, मांड्यांवर नि पोटऱ्यांवर नाड्या आवळायची सोय असलेला. आतल्या बाजूला शाईनं आडनाव. नळी चिकट झालीय, उजव्या गुडघ्यापाशी तेलाचा काळपट डाग आहे. ड्रायक्लीनला द्यावा का, नळी बदलून मिळेल का, असं ते विचारतात.

दोन्ही करू नका. कृपा करून करू नका.

हा कपडा अंगावर काय करतो ते आधी पाहू. लढाऊ विमान जोरात वळलं की वैमानिकाचं वजन वाढतं. पाच जीच्या वळणात साठ किलोचा माणूस तीनशे किलोचा होतो. रक्त पायांकडे उतरतं, डोळ्यांपुढचे रंग जातात, मग अंधारी येते. सूटमध्ये पोटावर, मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर रबरी पिशव्या असतात. वळण सुरू झालं की इंजिनाकडून आलेली दाबाची हवा नळीतून त्यांत शिरते, सूट पाय नि पोट करकचून आवळतो आणि रक्त वरच राहतं. फायदा जेमतेम एक-दीड जीचा. पण पाठीमागे शत्रूचं विमान असताना तेवढ्यावर जीव वाचतो.

आता माझा आवडता फाटा. युद्धात उतरलेला पहिला जी-सूट हवेचा नव्हता, पाण्याचा होता. टोरांटोच्या विल्बर फ्रँक्स या संशोधकानं तो केला आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेवरच्या चढाईत ब्रिटिश नौदलाच्या वैमानिकांनी तो वापरला. जड, गरम, बसल्या जागी अवघडून टाकणारा. पुढे हवेच्या सूटनं त्याला मागे सारलं. आणि तीस वर्षांनी रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत हवेच्याच सूटमध्ये पुन्हा पाणी भरलं गेलं.

दिलीप पारुळकर हे नाव इथे यायलाच हवं. सुखोई-७ घेऊन गेलेले फ्लाइट लेफ्टनंट पारुळकर १० डिसेंबर १९७१ ला पाडले गेले आणि कैद झाले. भारत-पाक युद्ध संपलं, तरी कैदी सुटेनात. पारुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांनी कोठडीची भिंत आतून पोखरली आणि १२-१३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री ते बाहेर पडले. वाटेतल्या पाण्यासाठी जी-सूटच्या रबरी पिशव्या कापून कामी आणल्या होत्या. पेशावरमार्गे लंडी कोतलपर्यंत पोचले, अफगाण सरहद्द हाताशी आली होती. तिथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. ते रेल्वे स्टेशन कधीच बंद पडलेलं, त्यामुळे लोकांना संशय आला आणि तिघे पुन्हा पकडले गेले. डिसेंबरात वाघ्यावरून मायदेशी परतले.

अशी कापलेली एखादी पिशवी उद्या कुणाच्या हाती लागली आणि त्यानं ती ‘दुरुस्त’ करून घेतली, तर? पूर्वी धड होती तेव्हा ती कोठारातली एक वस्तू होती. कापल्यावर ती त्या रात्रीची साक्षीदार झाली. तुमच्या वडिलांच्या गुडघ्यावरचा डाग हंटरच्या कॉकपिटमधला असेल, नाहीतर धावपट्टीकडेच्या तंबूतला. तो काढलात तर उरेल स्वच्छ नायलॉन, आणि तसं नायलॉन जुन्या बाजारातही मिळतं.

म्हणून सुटापेक्षा आधी कागद शोधा. लॉगबुक सगळ्यात मोलाचं: कोणत्या तारखेला, कोणत्या विमानात, किती वेळ, सगळं त्यात हातानं लिहिलेलं असतं. सूट घातलेला एखादा फोटो. आईंना विचारा, वडिलांच्या स्क्वाड्रनमधल्या काकांना विचारा, आणि ते जे सांगतील ते तारखेनिशी वहीत उतरवा. वही, लॉगबुक आणि सूट यांची ताटातूट होऊ देऊ नका. तिन्ही वेगळ्या भावंडांकडे गेली की पुढच्या पिढीला नुसती एक विचित्र विजार उरते. विकणारे लोक कोऱ्या सुटावर नाव लिहितात तेही नावामागच्या गोष्टीलाच किंमत असते म्हणून. जुनी शाई कापडाबरोबर विटलेली असते; विटलेल्या कापडावर टवटवीत अक्षर दिसलं की मी हात मागे घेतो.

ठेवायचा कसा? रबराला उष्णता मारते आणि आपल्या नागपुरातला मे महिना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत काय करतो ते सांगायला नको. खालच्या मजल्यावरच्या, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात आडवा ठेवा. घडी घालू नका, घडीवर रबर तडकतं. घालावीच लागली तर आत सुती कापडाची गुंडाळी द्या. चिकट नळी आणि नायलॉन यांच्यात बटर पेपर घाला. डांबरगोळ्या नकोत. नळीत हवा भरून बघण्याचा मोह आवरा, जुनी पिशवी पहिल्याच फुंकरीला फाटेल.

इर्विन जॅकेट पुढच्या आठवड्यात नक्की. कुणाकडे ते मेंढीच्या कातड्याचं जॅकेट कूलरच्या वाऱ्यात टांगलेलं असेल तर मात्र आठवडाभर थांबू नका. कूलरच्या ओलीनं कातड्याला बुरशी येते. आजच दुसऱ्या खोलीत हलवा.