पांढरे पडलेले ताम्रनाणे : ओळख व हाताळणी

ताम्रभस्मासाठी घरातील जुनी नाणी आणून देणारे रुग्ण आजही भेटतात. काही औषधनिर्मात्यांकडे अशी नाणी मोडीबरोबरही येतात. त्यांपैकी एखादे नाणे तांब्याचे असूनही चांदीसारखे पांढरे दिसल्यास ते शोधनासाठी घेऊ नये. त्यावर पारद चढलेला असू शकतो.

वर्णावरून ओळख

ताम्रावरील हिरवट कळंक किंवा काळपट थर हा त्या धातूचाच हवा, ओलावा व घामातील क्षार यांच्याशी झालेल्या संयोगाचा परिणाम होय. पांढरा वर्ण मात्र बाहेरून आलेला असतो. तो कल्हईचा, जस्ताचा, निकेलच्या मुलाम्याचा किंवा पारदाचा असू शकतो. मुलामा कठीण व टिकाऊ असतो. पारदाचा थर मऊ व ओलसर चकाकीचा असतो, कागदास लागल्यास राखाडी डाग पडतो आणि कालांतराने तो मंद होऊन खालचा तांबूस वर्ण पुन्हा दिसू लागतो. चुंबकाने कल्हई व पारद यांत भेद करता येत नाही. बोटाने घासून, अम्ल टाकून वा ज्योतीवर धरून परीक्षा कदापि करू नये. खात्री हवी असल्यास नाणे बंद पिशवीत ठेवून, पूर्वसूचना देऊन, एक्सआरएफ यंत्र असलेल्या प्रयोगशाळेत तपासावे.

धोका कोठे आहे?

पारदाचे बाष्प साध्या तापमानासही निघते. त्यास वर्ण नाही, गंध नाही. पारद ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. शोधनात ताम्र लाल होईपर्यंत तापवितात, म्हणजे निर्वापाची वेळ येण्यापूर्वीच पारद वायुरूप होऊन भट्टीजवळील व्यक्तीच्या श्वासात जातो. कज्जली करताना पारद समोर असतो व त्याची मात्रा ज्ञात असते. येथे तो लपलेला असतो.

हाताळणी

१. हातातील सोन्याचांदीचे दागिने काढावेत. पारद त्यांनाही धरतो.
२. हातमोजे घालून नाणे घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवावे व त्यावर नावाची चिठ्ठी लावावी.
३. खिडक्या उघडाव्यात, बालके व गर्भवती यांना दूर ठेवावे.
४. सांडलेले कण झाडूने वा व्हॅक्यूम क्लीनरने काढू नयेत. जाड कागदाने गोळा करावेत. मोरीत काहीही टाकू नये.
५. गंधक भुरभुरल्याने बाधा संपली असे मानू नये. मर्दनाविना संयोग अपुरा राहतो, हे आपण खलातच पाहतो.
६. बाटली घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे सोपवावी.

असे नाणे तापविल्यानंतर कास, श्वासकष्ट, ज्वर, मळमळ वा तोंडास धातूची चव जाणवल्यास रुग्णास मोकळ्या हवेत नेऊन विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. कंप, निद्रानाश, चिडचिड व हिरड्यांचा शोथ ही दीर्घकालीन संपर्काची लक्षणे होत. तेथे मूत्रातील पारद तपासून घ्यावा.

मुळात नाणे हे ताम्राचे विश्वसनीय द्रव्य नव्हे. १९०६ पासूनचा पाव आणा व १९४३ ते १९४७ मधील भोकाचा पैसा ब्राँझचा आहे. त्यात वंग व जस्त मिसळलेले आहे. ग्रंथांनी नेपाळ ताम्रास ग्राह्य मानताना मृदुता, रक्तवर्ण व घनाघातक्षमता पाहिली, ती शुद्धतेसाठीच. शेड्यूल टी अन्वयेही कच्च्या द्रव्याची परीक्षा व नोंद बंधनकारक आहे. म्हणून रुग्णाचे नाणे आदराने परत करावे. पांढरे असल्यास मात्र ते परत न देता, कारण समजावून सांगून, बाटलीबंद करावे.