साखळीचे वंगण

माधवनगरहून सांगलीस जाणारा रस्ता सपाट आहे. या रस्त्यावर सायकलीच्या साखळीकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. पण तीच सायकल मिरजेच्या पूर्वेकडील दंडोबाच्या डोंगरावर नेली, म्हणजे साखळीची खरी परीक्षा सुरू होते. चढावर स्वाराच्या पायांचा सारा जोर ती एकटी मागच्या चाकाकडे पोहोचविते. झिजलेली साखळी अशा वेळी दात्यांवरून निसटली किंवा तुटली, तर स्वाराचा तोल जाऊन त्यास दुखापत होते. म्हणून साखळीला योग्य वंगण देणे हे डोंगरवाटेच्या स्वाराचे पहिले काम होय.

सायकलीच्या साखळीत शंभराहून अधिक सांधे असतात. प्रत्येक सांध्यात एक पोलादी खीळ असते आणि तिच्याभोवती लहानसा रूळ फिरतो. अशा रुळांची साखळी हान्स रेनोल्ड यांनी १८८० साली इंग्लंडमध्ये तयार केली. साखळी दातेरी चक्रावर वळू लागली, की प्रत्येक खीळ आतल्या आत घासली जाते. वंगणाची गरज असते ती तेथेच. बाहेरून ओलीचिंब दिसणारी साखळी आतून कोरडी असू शकते. उलट, बाहेर साचलेल्या तेलावर धूळ बसते. धुळीत वाळूचे बारीक कण असतात. तेलात कालवलेले हे कण सांध्यांत शिरतात आणि कानस घासावी तसे पोलाद झिजवितात.

मग कोणते वंगण निवडावे? त्याचे उत्तर वाट आणि ऋतू देतात. सांगली जिल्ह्याच्या पूर्वभागात पाऊस कमी पडतो आणि उन्हाळ्यात वाटा धुळीने भरून जातात. तेथे पातळ तेल किंवा मेणयुक्त वंगण चांगले. मेणयुक्त वंगणातील द्रव उडून जातो, मागे मेणाचा कोरडा थर उरतो आणि त्यास धूळ कमी चिकटते. पश्चिमेकडील शिराळा तालुक्यात मात्र पावसाळ्यात पाण्याचा व चिखलाचा मारा असतो. तेथे पातळ तेल लवकर धुऊन जाते आणि साखळीस गंज चढतो. अशा वेळी दाट, चिवट तेल उपयोगी पडते. तेच दाट तेल उन्हाळ्यात ठेवले, तर धूळ गोळा करते.

स्वयंपाकघरातील शेंगदाण्याचे तेल मात्र वापरू नये. हवेच्या संपर्काने ते चिकट होते. ग्रीस फार दाट असल्याने सांध्यांत नीट शिरत नाही. इंजिनातून काढलेल्या जळक्या तेलात धातूचे कण असतात, तेही टाळावे.

वंगण देण्यापूर्वी साखळी फडक्याने स्वच्छ पुसावी. मग प्रत्येक सांध्यावर एकच थेंब सोडावा. पेडल सावकाश उलटे फिरवावे. बोटे साखळीपासून दूर ठेवावीत. थोडा वेळ थांबून बाहेरचे जादा तेल पुसून टाकावे. हे पुसणे वंगण देण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

साखळी किती झिजली, हे शाळेतील फूटपट्टीनेही कळते. नव्या साखळीत एका खिळीच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या खिळीच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर १२ इंच भरते. ते एक अष्टमांश इंचाने वाढले, तर साखळी पार झिजली असे समजावे. ती तशीच ठेवल्यास दातेरी चक्रेही झिजतात आणि थोडक्यात भागणारा खर्च कितीतरी वाढतो.

सांगलीहून रेल्वेने पुण्याकडे जाताना किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली तेथील माळावर कारखाना उभारला. त्यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात झाला होता, तो सायकलींच्या एका दुकानातून. यंत्रविद्येची वाट सायकलीपासूनही सुरू होऊ शकते. साखळीच्या एका सांध्यात तेलाचा थेंब नेमका कोठे जातो, हे पाहणारा विद्यार्थी त्या वाटेवर पहिले पाऊल टाकीत असतो.